पाच भाषणं आणि एक दवंडी

बसा मित्रांनो, पण आधी तो पंखा बंद करा. तुम्हाला त्याची घरघर जाणवत नसेल, मला जाणवते. मी एक जुना रेकॉर्डर आहे. मुठीत मावेन एवढा काळा डबा, वर बारीक जाळी, पुढे लाल दिवा आणि पोटात दोन सेल. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते विचारू नका, मला ठाऊक नाही. माझं खरं आयुष्य जुन्नरच्या एका कॉलेजातल्या कपाटात सुरू झालं. तिथून मला बाहेर काढलं ते आरफाने.

आरफा पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढाऱ्यांच्या बातम्या सगळेच देतात, मी साध्या माणसांच्या देणार, असं तिने ठरवलं होतं. पेठला पंक्चर काढणारी भागूबाई, येडगावला धरणाकाठी जाळी विणणारा सोमाजी, अशी माणसं ती शोधून काढायची. विचार चांगला होता हो, पण त्रास कुणाला? मला! मी चालू झालो की घरात कुणीतरी नेमका मिक्सर लावायचं. भागूबाईच्या सुनेने तर माझ्यावर चहाची बशी ठेवली. आणि तो सोमाजी! चहा पिताना काय रंगून बोलत होता. लाल दिवा पेटला आणि गड्याचा एकदम टीव्हीवरचा निवेदक झाला. "माझे असे मत आहे की..." अहो, मत कसलं सांगताय? जाळ्याचं सांगा!

आरफा मात्र कंटाळायची नाही. "काका, दिव्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा," असं म्हणत ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. गोष्ट छापून आली की तिचे सर तिची पाठ थोपटत. मला कुणी कधी साधं फडकंही लावलं नाही, पण ते जाऊ दे.

एका शनिवारी तिला फोन आला. राजुरीजवळच्या एका वाडीतून सरूबाई नावाची आजी बोलत होती. तिचे यजमान सावळाराम हे ग्रामपंचायतीचे जुने शिपाई. चाळीस वर्षं वाडीत दवंडी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं.

"पोरी, परवा ह्यांच्या गळ्याचं आपरेशन हाय पुण्याला," आजी म्हणाली. "डाक्टर म्हन्ला, जगतील, पन आवाज न्हाई ऱ्हायचा. मला धा वरसं झाली, डोळ्यानं कायबी दिसत न्हाई. ह्यांचा आवाज आला की मला कळतं, मानूस घरात हाय. तेवढा आवाज धरून ठिव."

रविवारी सकाळी नऊलाच आम्ही वाडीत पोहोचलो. पुण्याची गाडी बारा वाजता निघणार होती. वेळ भरपूर होता, नाही का? पण उपसरपंच सुभाषरावांना बातमी लागली होती. देवळासमोर मांडव तयार! सतरंज्या, स्पीकर, शाली, टोप्या आणि नारळांची पाटी. आपल्याकडे पाहुणा दारात आला की त्याचा सत्कार, मग पाहुण्याच्या हस्ते गाववाल्यांचा सत्कार, आणि कुणी राहिलं असेल तर मांडववाल्याचा. आधी आरफाला शाल घातली. मग आरफाने सावळारामबाबांना घातली. मग ज्यांनी शाली आणल्या त्यांनाही घातली.

आणि मग भाषणं सुरू झाली. एक नाही, पाच! सुभाषरावांनी मला स्वतःच्या हाताने उचलून माइकपुढे ठेवलं. "मॅडम, सगळं रेकॉर्ड व्हतंय ना?" होतंय हो, होतंय! माझी जागा ती केवढी, आणि त्यात हे कोंबत होते टँकर, गटार आणि समाजमंदिर. एका वक्त्याच्या तोंडात तर बाबांचं नाव एकदाही आलं नाही. मांडवाच्या कडेला सरूबाई कान देऊन बसली होती. मधेच विचारायची, "हे बोलले का?" आरफा म्हणायची, "नाही आजी, अजून नाही."

पावणेबाराला बाबांना उभं केलं आणि हातात लिहिलेला कागद दिला. बाबांनी तो अडखळत वाचला. "उपस्थित मान्यवरांचे मी मनःपूर्वक आभार मानतो."

"ह्यो कोन बोलतोय?" सरूबाईने विचारलं.

आणि तेवढ्यात माझी जागा संपली.

आरफाचा पारा असा चढलेला मी कधी पाहिला नव्हता. तिने मला उचललं, स्पीकरची वायर उपटली आणि एकेक भाषण पुसायला लागली.

"मॅडम, माझं तेवढं ठेवा," सुभाषराव म्हणाले.

"तुमचंच पहिलं पुसलं, भाऊ."

मित्रांनो, एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"बाबा, आता दवंडी द्या," आरफा म्हणाली. "नेहमी द्यायचात तशी."

"कशाची?"

"कशाचीही. समजा, ग्रामसभा आहे म्हणून द्या."

म्हाताऱ्याने मान हलवली. "न्हाई पोरी. चाळीस वरसांत खोटी दवंडी दिली न्हाई. माझ्या हाकंवर लोकं हातातलं काम टाकून येत्यात. बातमी आसंल तर सांग."

माझं डोकं फिरलं! तिकडे गाडीवाला हॉर्न वाजवतोय, इकडे बाबांना नियम सुचतोय. पोरीच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी राहिलं होतं. तेव्हा सरूबाई हात चाचपत उठली.

"मग खरी द्या की," ती म्हणाली. "उद्या तुमचा आवाज जानार, ही बातमी न्हाई व्हय?"

आरफाने माझा लाल दिवा पेटवला. बाबांनी अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, एक हात कानाशी नेला आणि घोगऱ्या पण खणखणीत आवाजात हाळी दिली.

"ऐका होऽऽ ऐकाऽऽ! उद्यापासनं सावळाराम शिपायाचा आवाज बंद व्हनार हाय होऽऽ! कुनाचं काय इचारायचं ऱ्हायलं आसंल, त्यानं आजच इचारून घ्यावं होऽऽ!"

कांद्याच्या वावरात खुरपणाऱ्या बायका कामं टाकून उभ्या राहिल्या. सुभाषरावांनी टोपी काढली.

"हां," सरूबाई म्हणाली. "हे बोलले."

ऑपरेशन नीट पार पडलं आणि आवाज गेला. आरफाची गोष्ट छापून आली, नाव झालं. पुढे कॉलेजात सगळे मोबाइलवरच रेकॉर्ड करू लागले आणि मी भंगाराच्या खोक्यात पडलो. आरफाने सरांकडून मला मागून घेतलं आणि सरूबाईच्या घरी नेऊन दिलं. बटण कुठलं दाबायचं, ते बाबांना दाखवलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, कुणाचं ऐकायला जाल तर शाल-नारळ घरी ठेवून जा, आणि लवकर जा. माझ्यासारख्यांचे सेल वेळेवर बदला, जाळीवरची धूळ पुसा. एवढंही तुमच्याने होत नाही म्हणजे कमाल आहे!

मी आता बाबांच्या खिशात असतो. बाहेरून आले की बाबा उंबऱ्यावर थांबतात आणि माझं बटण दाबतात. उद्यापासनं आवाज बंद होणार, हे मी रोज ओरडून सांगतो. माझी बातमी पुरी व्हायच्या आत आतून सरूबाई म्हणते, "आलात व्हय? पाय धुवा, च्या ठिवलाय."