मे महिन्यातले ठिपके

स्मरांदाचं काम नदीला कान लावून बसण्याचं. डॅन्यूबच्या तळाशी दोरखंडाला बांधून सोडलेली यंत्रं अधूनमधून वर काढायची आणि त्यांनी पाण्यात काय काय ऐकलं ते संगणकात उतरवायचं. समुद्रातून अंडी घालायला वर चढणारे स्टर्जन मासे तिची माणसं खाली नदीच्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशातच पकडत, पोटात बोटाच्या पेराएवढी चकती शिवत आणि परत सोडून देत. ती चकती टिकटिकत राही. मासा यंत्राजवळून गेला की यंत्र त्याची नोंद घेई, आणि संगणकाच्या नकाशावर एक ठिपका उमटे.

तिचं केंद्र उत्तर काठावर, रोमानियाच्या बाजूला, झिम्निचाला. पैलतीरी बल्गेरियाचं स्विश्तोव. तिथे ओग्न्यान. त्याचा प्रकल्प वेगळा. तो बोटीतून आवाजाच्या लहरी सोडून नदीचा तळ मोजायचा आणि गाळ कुठे, वाळू कुठे, घट्ट खडी कुठे, याचे नकाशे करायचा. स्टर्जन अंडी घालतो ती खडीवरच. म्हणजे अर्धं कोडं त्याच्याकडे, अर्धं तिच्याकडे. दोन्ही प्रकल्पांत चार-पाच देश, दोन्हींचा पैसा युरोपच्या एकाच थैलीतला. एकच विहीर दोघांनी दोनदा खणू नये म्हणून वरून फर्मान आलं होतं की दोन्ही प्रकल्पांनी हातात हात घालून चालावं आणि हाती लागेल ते एकमेकांना द्यावं. हिवाळ्यात बल्गेरियातल्या रूसे शहरात सगळे जमले, सह्या झाल्या, फोटो निघाले. ओग्न्यानने त्याच आठवड्यात आपला सगळा नकाशा तिला पाठवून दिला. माणूस तसा सरळ. देतो म्हणाला की दिलं.

मेच्या सुरुवातीला कोल्ह्याच्या बेटाजवळचं यंत्र वर आलं आणि स्मरांदा बोटीतच उभी राहून हसायला लागली. पाच-सहा माद्या दिवसचे दिवस एकाच जागी घुटमळल्या होत्या. वाटेतला मासा असा थांबत नाही. तो थांबतो ते अंडी घालायलाच. नदीच्या या टापूत अशी जागा कधी कुणाला सापडली नव्हती. नाव चालवणाऱ्या म्हाताऱ्या तुदोरचे दोन्ही हात धरून तिने त्याला गरगर फिरवलं. तो म्हणाला, "पोरी, बोट लहान आहे. लग्नात नाच." मग तिने त्याला बजावलं, की हे कुणाकडे बोलायचं नाही.

असं का बजावलं, याला एक जुनं दुखणं होतं. काही वर्षांपूर्वी तिने असेच ठिपके विश्वासाने एका बड्या प्राध्यापकाला दिले होते. पुढे एका परिषदेत तिने ते मोठ्या पडद्यावर पाहिले, खाली भलत्यांचीच नावं. सभागृहात मागच्या रांगेत बसून तिने टाळ्याही वाजवल्या होत्या.

त्यामुळे दोन आठवड्यांनी ओग्न्यानचा फोन आला तेव्हा तिची जीभ आधीच आखडलेली होती. तो सांगत होता की जहाजांच्या वाटेसाठी तळ खोल करायचं चाललंय, जूनमध्ये सुनावणी आहे, आणि खणायच्या जागांत कोल्ह्याच्या बेटाजवळची खडीसुद्धा आहे.

"माझ्याकडे खडी आहे, मासे नाहीत," तो म्हणाला. "नुसत्या खडीसाठी कोण थांबणार? तुमच्या यंत्रांना तिथे काही ऐकू आलंय का?"

"अजून तपासतेय," ती म्हणाली. "हातात देण्यासारखं काही नाही."

तपासत होती हे खोटं नव्हतं. फोन ठेवून ती तडक संचालक कोस्ताके साहेबांच्या खोलीत गेली आणि विचारलं, देऊ का? ते म्हणाले, ऑक्टोबरात रूसेला दोन्ही प्रकल्पांची मोठी परिषद आहे, तिथे आपण हे पहिल्यांदा मांडायचं, तोवर अवाक्षर नको. ते हेच म्हणणार हे तिला दार उघडण्याआधीच ठाऊक होतं. ती परवानगी मागायला गेलीच नव्हती; नकार मागायला गेली होती. तो मिळाला, आणि तिला रात्री चांगली झोप लागली. नंतर त्या झोपेचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

सुनावणी झाली. काय ठरलं ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

ऑगस्टमध्ये पाणी उतरलं आणि यंत्रं काढायला ती तुदोरबरोबर निघाली. बेटाला वळसा घालताच इंजिनाची घरघर ऐकू आली. मधोमध एक खणणारं जहाज नांगर टाकून उभं होतं. त्याची लोखंडी ओंजळ खाली जायची आणि भरून वर यायची, ओली, चकचकीत, स्वच्छ खडी. शेजारी लागलेल्या मालवाहू पडावात ती ओतली जाताना पाऊस पडल्यासारखा आवाज व्हायचा. यंत्राचा दोरखंड सापडला नाही. यंत्रही त्या ओंजळीत गेलं असणार.

तुदोरने इंजिन बंद केलं. खारवलेला मासा आणि कांदा पावावर ठेवून तो खात राहिला.

"मासे विचारतील, आमची गादी कुठे नेली," तो म्हणाला. मग थोडा वेळ चावत राहून, तिच्याकडे न बघता, "मे महिन्यात नाचली होतीस ती हीच जागा ना?"

"हीच."

"मग त्यांना कुणी सांगितलं नाही?"

तिने नोंदवहीत त्या यंत्रापुढे फुली मारली. तुदोरने इंजिन सुरू केलं. येताना त्याने बोट बेटाच्या पलीकडून घेतली, लांबच्या वाटेने.

पुढचे दोन महिने ओग्न्यानचा नंबर तिने कितीदा काढला आणि कितीदा ठेवला. आता सांगून काय, वरातीमागून घोडं, असं ती स्वतःला समजवायची. कोस्ताके साहेबांना तिने खडी गेल्याचं सांगितलं. ते हळहळले, पण म्हणाले की खणणं काही आपल्या हातात नव्हतं, शोध तो शोधच, मांडणीतून एक अक्षर गाळायचं नाही. तिने गाळलं नाही. गाळलं असतं तर तीही एक लपवाछपवीच झाली असती, आणि ठेवलं तर काय होणार तेही दिसत होतं. शेवटी तिने काहीच केलं नाही आणि दिवस उजाडला.

रूसेचं सभागृह नदीकाठीच होतं. परिषदेची सूत्रं इल्दिको नावाच्या हंगेरियन बाईंकडे होती. दोन प्रकल्पांची सोयरीक जुळवणं हेच त्यांचं काम, आणि ते त्या मनापासून करत. दोन्हीकडची मांडणी त्यांच्याकडे आधीच आलेली होती. ओग्न्यानचं बोलून झालं, स्मरांदा बोलायला उठणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या की थांबा, मी एक गंमत केलीय. त्यांनी ओग्न्यानचा नकाशा पडद्यावर घेतला आणि त्यावर स्मरांदाचे ठिपके सोडले.

एकही ठिपका इकडे-तिकडे पडला नाही. करड्या रंगाची खडी आणि तिच्यावर लाल ठिपक्यांचा पुंजका, कुलपात किल्ली बसावी तसा. सभागृहातून एक हुंकार उठला आणि मग टाळ्या. इल्दिकोबाईंचा चेहरा फुलला होता. त्या म्हणत होत्या की याचसाठी आपण हा सगळा खटाटोप करतो, एकाच्या हातातली गोष्ट दुसऱ्याच्या हातात गेली की असं चित्र पुरं होतं.

टाळ्या वाजवत नव्हता तो एकटा ओग्न्यान. तो पडद्याकडे बघत हळूच उभा राहिला.

"हे ठिपके कधीचे?"

"याच हंगामातले," कोस्ताके साहेब बसल्या जागेवरून म्हणाले.

"मी स्मरांदाबाईंना विचारलं."

तिच्या हातात माईक होता. तो तिने तोंडाजवळ नेला नाही, तरी आवाज सगळीकडे पोचला.

"मे महिन्यातले."

"म्हणजे सुनावणीच्या आधीचे."

"हो."

"मी फोन केला तेव्हा होते?"

"होते."

त्याने मान हलवली आणि तो खाली बसला. इल्दिकोबाईंना काही कळेना. त्यांनी हसतच विचारलं की मग पुढच्या वसंतात दोन्ही चमू मिळून ही जागा बघणार का. ओग्न्यान म्हणाला, ती जागा आता नाही. ऑगस्टमध्ये खणून नेली. एवढंच. पडद्यावर ते सुंदर चित्र तसंच होतं. ते काढायचं कुणाला सुचलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. स्मरांदाला वाटलं, आपल्याला तोही हक्क नाही, आपल्यामुळे धरणी एकदा उकरून झालीय.

मधल्या सुट्टीत तिला कुणी टाकून बोललं नाही. लोक चीज भरलेल्या बनित्साच्या वड्या हातात घेऊन हवेबद्दल बोलत होते आणि ती जवळ आली की अदबीने वाट करून देत होते. कुणी चार शब्द सुनावले असते तर ते तिला सोसायला सोपं गेलं असतं. ओग्न्यान बाहेर गच्चीवर कठड्याला टेकून उभा होता. ती जाऊन शेजारी उभी राहिली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. प्राध्यापकाची जुनी गोष्ट तिच्या ओठांवर आली होती. ती तिने गिळली.

"तुम्हाला एक माहीत नसेल," ओग्न्यान म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "सुनावणीत त्यांनी मला विचारलं, तिथे मासे आहेत का? मी म्हटलं, समोरच्या काठावर आमच्या जोडीदार प्रकल्पाची यंत्रं आहेत. मी स्वतः विचारलंय, देण्यासारखं काही नाही म्हणाल्या. त्यांनी तुमचं नाव विचारलं, मी सांगितलं. ते टिपून घेतलं गेलं. यंत्रं लावूनही मासे आढळले नाहीत, असं."

ती कठडा धरून उभी राहिली.

"तुम्ही गप्प राहिलात असं लोकांना वाटेल," तो म्हणाला. "तसं नाही. तुम्ही बोललात. माझ्या तोंडून."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या गच्चीवर कळलं. खाली नदी संथ, भरली, काहीच न झाल्यासारखी वाहत होती. तिने विचारलं, "आता मी काय करू?"

"बाकीचे ठिपके आहेत का?"

"आहेत. वरच्या दोन वळणांवरचे. तिथलं कच्चं आहे खरंच."

"कच्चं द्या. पिकवू आपण."

सभागृहात परत जाऊन तिने सगळ्यांदेखत आपला संगणक उघडला आणि होतं नव्हतं ते सगळं त्याच्या स्वाधीन केलं. कोस्ताके साहेब येऊन कानाशी पुटपुटले की हे कुणाला विचारून? ती म्हणाली, या वेळी कुणालाच नाही. परतीच्या गाडीत ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि पुढच्या परिषदांच्या यादीतून तिचं नाव गेलं ते गेलंच. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. शिक्षा म्हणायला ती फार हलकी होती.

वसंतात मासे आले. कोल्ह्याच्या बेटाजवळ तिने नवं यंत्र सोडलं होतं. दोन माद्या तिथे आल्या, एक दिवस इकडून तिकडे फिरल्या आणि पुढे निघून गेल्या. हे ठिपके स्मरांदाने त्याच संध्याकाळी ओग्न्यानला पाठवले. त्याचं उत्तर आलं, "पाहिले." त्यानंतर ती रोज पाठवत राहिली, काही असो वा नसो. त्यातूनच वरच्या एका वळणावर थांबलेल्या माद्या दोघांना एकाच दिवशी दिसल्या.

त्या वळणाची सुनावणी जूनमध्ये स्विश्तोवला होती. ओग्न्यानने तिला बोलावलं. नकाशा त्याने मांडला, ठिपके तिने. प्रश्न पुष्कळ आले, पण दुपारपर्यंत ठरलं की ते वळण सोडून खणायचं. उठताना समितीच्या अध्यक्षांनी ओग्न्यानला विचारलं की या बाई कोण?

"समोरच्या काठावरच्या," तो म्हणाला. "आमच्या जोडीदार. आम्हाला लागेल ते वेळेवर देतात."

तो हे सरळ मनाने म्हणाला की टोमणा मारून, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. अध्यक्षांनी कौतुकाने हात पुढे केला. स्मरांदाने तो हातात घेतला, आणि तिची नजर काही वर उचलली गेली नाही.