डाव्या सीटची हळद

वैजनाथच्या जीपची डावी सीट पिवळी होती. मुळात तिचं कापड करड्या रंगाचं. पण गेल्या नऊ वर्षांत वाडीतले चौदा नवरदेव त्या सीटवर बसले, अन् जो बसला तो आपली थोडी हळद तिथं ठेवून गेला.

वाडीत जुनी रीत अशी की हळद लागली की नवरदेवाला अंघोळीआधी माळावरच्या मारुतीला न्यायचं. आधी घोड्यावरून नेत. मग एका साली ओढ्यातल्या गोट्यांवर घोडं घसरलं, नवरदेवासकट. त्या बिचाऱ्यानं एक हात झोळीत अडकवून लग्न लावून घेतलं. तेव्हापासून घोडं बंद अन् वैजनाथची जीप सुरू. जीप जुनी, वर टप नाही, पण चारी चाकं ओढणारी. ओढा असो, चढ असो, गुरगुरत निघायची.

दर लग्नानंतर दुसऱ्या दिवशी वैजनाथ बोअरवर ब्रश घेऊन बसायचा. साबण लागला की हळद लाल व्हायची. वाटायचं, निघाली. वाळलं की परत पिवळी. उन्हानं वरवर फिकी पडायची, पण शिवणीत मुरलेली काही जायची नाही.

नवरदेवाची उरलेली हळद बिनलग्नाच्या पोरांना लावतात, म्हणजे पुढचा नंबर त्यांचा. वैजनाथ पंचविशीत होता तेव्हा पोरं त्याला आडवा पाडून हळद फासायची. तिशीत एखादी वहिनी जाता जाता गालाला बोट लावायची. पस्तिशीनंतर लावणं बंद झालं. कोणी ठरवून केलं नाही. वाटी त्याच्यापर्यंत यायची अन् शेजारच्या पोराकडं वळायची, एवढंच. आता तो अडतीसचा होता.

अन् या रविवारी पंधरावा नवरदेव बसणार होता. त्याचा सख्खा धाकटा भाऊ, माऊली. पुण्याला कंपनीत होता, पोरगी लगेच मिळाली. पुनम नाव.

ठरवायच्या आधी मायनं, आशाबाईनं, वैजनाथला विचारलं होतं, "तुझं व्हईस्तोवर थांबवू का त्याचं?"

"काहून? उडवून टाका की बार."

इतक्या झटकन बोलला की माय त्याच्याकडं बघतच राहिली. धाकट्याचं आधी झालं की थोरल्याच्या दारात मग पाहुणा येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

लग्नाच्या चार दिवस आधी वैजनाथ जीप घेऊन जवळा बाजार गावात इस्माईलचाचाकडं गेला. गाड्यांच्या सीटा शिवण्यात चाचाचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं.

"बोल, कापड का लेदर?" चाचानं विचारलं.

"लेदर."

"देख बाबा, उघडी गाडी तुझी. उन्हात लेदर तव्यावानी तापते. अन् तुझं जाणं दगडगोट्यातून. कापड माणसाला धरून ठेवते. लेदरवरून माणूस साबनावानी घसरते. मी इकणारा असून सांगून राहिलो."

"डाग राहते का पन?"

"न्हाई. फडकं मारलं की साफ. कोन बसलं, कोन उठलं, सीटला पत्ता न्हाई."

"मंग तेच टाका."

मग त्याला मायचं आठवलं. "माय म्हनती, चामड्यावर बसून मारुतीला जायचं का?"

"अरे, कुठलं चामडं! आजकाल सगळं कारखान्यातलं. जनावराचा एक केस न्हाई त्याच्यात. बोलायचीच पद्धत, लेदर लेदर. लाव फोन, मी सांगतो आशाबाईला."

चाचानं डाव्या सीटचं कव्हर उसवलं अन् थबकला. पिवळा रंग खाली फोमापर्यंत उतरला होता.

"अरे तेरी! सीट हाय का मसाल्याचा डबा?"

वैजनाथ हसला. चाचा पण हसला. मग चाचानं खडू काढला. त्याची एक खोड होती. माणूस उघड्या फोमवर बसल्याशिवाय तो कातरीला हात लावत नसे.

"बस."

"मी कुठं बसतो डावीकडं? मी तं चालवतो."

"मंग कोन बसते?"

वैजनाथ आठवू लागला. खताचं पोतं असायचं. फवारणीचा पंप असायचा. "नवरदेव," तो म्हणाला.

"आनला का संगं?"

"न्हाई."

"मंग तूच बस की बाबा. गिऱ्हाइकं खोळंबलेत."

नऊ वर्षांत पहिल्यांदा वैजनाथ आपल्या जीपच्या डाव्या सीटवर बसला. इकडून जीप दुसऱ्याच कोणाची वाटत होती. उजवीकडं नुसतं स्टेअरिंग, मागं कोणी नाही. त्याला गुडघे कुठं ठेवावे कळेना.

"टेक की. पोरगी बघायला आल्यावानी काय बसला?" चाचा बोलून गेला अन् जीभ चावली. मग मुकाट्यानं खांद्याच्या कडंनं खडू फिरवत राहिला. थोड्या वेळानं आपणच म्हणाला, "आधी शिवलेली सीट बसून बघायचं काम आमच्या घरवालीचं, जुलेखाचं होतं. बसायची अन् सांगायची, इथं टोचून राहिलं. ती गेली तवापासून मलाच बसावं लागते. मला काई टोचतच न्हाई बघ."

वैजनाथ नीट टेकून बसला.

निघताना चाचा म्हणाला, "स्टेअरिंगला बी लेदर चढवू?"

"नगं. हात भाजते. कापडच गुंडाळा."

"डाग पडतीन."

"तिथं कोन बसायलंय?"

चाचानं पांढरं जाड कापड ओढून ताणून शिवून दिलं.

रविवारी सकाळी दारात हळद लागली. बायांनी माऊलीला ओळखू येईना असा केला. मग वाटी पोरांकडं आली. वैजनाथ खांबाला टेकून उभा होता. माऊली पाटावरून ओरडला, "अय, दादाला लावा की कोनी तरी!"

एक चुलती "लावते की" म्हणत दोन पावलं आली, तेवढ्यात बँजो सुरू झाला. ती तिकडं वळली ते वळलीच. माऊली खाली बघत बसला.

"चला, गाडीत बसा," वैजनाथ म्हणाला. "ऊन व्हऊन राहिलं."

माऊली सीटवर टेकला अन् उडालाच. "आय्यायाय! दादा, तवा हाय का सीट?"

"तुझ्यासाठी नवी टाकली, बस गुमान," वैजनाथ म्हणाला. मागं लटकलेली पोरं खिदळली.

वाडीतला रस्ता बरा होता. ओढ्यात उतरल्यावर खरी मजा सुरू झाली. हळद, तेल, घाम अन् खाली गुळगुळीत लेदर. पहिल्याच गोट्याला माऊली अर्धा खाली घसरला.

"दादा! धर ना बे! पडून राहिलो मी!"

वैजनाथनं डाव्या हातानं त्याचा दंड पकडला. गिअर टाकायला हात सोडायचा, दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढायचं, परत दंड पकडायचा. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचा तेव्हाही माऊली असाच घसरायचा अन् असाच ओरडायचा. चढ संपून मारुती येईस्तोवर वैजनाथनं त्याला पडू दिलं नाही.

लग्न झालं. चौथ्या दिवशी जोडी पुण्याला गेली. मांडव सुटला. वैजनाथ जीप घेऊन शेतात बोअरवर आला. बादली भरली, ब्रश काढला, साबण काढला.

सीटवर ओलं फडकं मारलं. एकच हात. सीट चकचकीत झाली. माऊली बसला होता की नव्हता, सांगता येऊ नये अशी. वैजनाथ फडकं धरून तसाच उभा राहिला. चाचा बरोबर बोलला होता. अन् दर वेळी अर्धा दिवस जायचा, तो आता कशात घालवावा हे त्याला कळेना.

मग त्याचं लक्ष स्टेअरिंगकडं गेलं.

पांढऱ्या कापडावर डाव्या बाजूला पिवळा पंजा उठला होता. चार बोटं, अंगठा. लग्नाच्या धावपळीत त्यानं पाहिलंच नव्हतं. त्यानं आपला हात त्यावर ठेवला. बोटाला बोट जुळलं. त्या स्टेअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागलाच नव्हता.

त्यानं साबणाचं बोट पंजाच्या कडेला लावलं. लाल झालं. तिथंच थांबला.

भाकरी घेऊन आलेली माय बांधावरून हे बघत होती. जवळ आली, वाकून स्टेअरिंगकडं पाहिलं.

"हळद कोनं लावली रे तुला?"

"माऊलीला धरलं व्हतं वढ्यात. तवा लागली."

माय म्हणाली, "घासत नगं बसू. अशीच उन्हात राहू दे, आपोआप जाईन."

"व्हय," वैजनाथ म्हणाला.

त्यानं भाकरी खाल्ली. माय भांडी घेऊन वाटेला लागली. ती वळणाआड गेली तसा वैजनाथ उठला. जीप सुरू केली अन् वीस पावलांवरच्या लिंबाखाली, जिथं दिवसभर ऊन येत नाही, तिथं नेऊन लावली.