कड्यावरचा टेहळ्या
बाबा डोळा दाखवायला आपणहून कधीच गेले नसते. पण त्या मे महिन्यात त्यांनी लागोपाठ दोनदा ढगाच्या सावलीवर रापण टाकायला लावली आणि चाळीस माणसांनी किनाऱ्यावर रिकामं जाळं ओढलं. दुसऱ्या वेळी कुणी चकार शब्द काढला नाही. शिव्या खाल्ल्या असत्या तर बाबांना इतकं लागलं नसतं.

आमच्याकडे, विषुववृत्ताच्या खाली, थंडी मे-जूनमध्ये पडते, आणि तेव्हा दक्षिणेचा वारा सुटला की बोय मासळी येते. कड्यावर उभं राहून पाण्यातला मासळीच्या थव्याचा तांबूस डाग हेरायचा आणि अंगातला कोट काढून होडीला खूण करायची, हे टेहळ्याचं काम. माझे बाबा, आदेलिनो, एकतीस वर्षं तिथे उभे होते. त्यांचा डावा डोळा लहानपणीच गळ लागून गेलेला. उजव्यात ऊन आणि खारा वारा खाऊन नाकाच्या बाजूने मांस वाढत गेलं, ते आता बुबुळावर चढलं होतं.

होडीचे मालक लाउरोकाका घरी आले, कॉफी प्यायले आणि कापून घे नाहीतर खाली उतर, एवढंच सांगून गेले. बाबांना शहरात मीच नेलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. डॉक्टरांनी मांस काढलं आणि पापणीखालची पातळ साल त्या जागी शिवली. महिनाभर वारा नको, ऊन नको, असं बजावलं. नेमका बोयचाच महिना. बाबा पुढे सांगायचे, बसमध्ये मी रडणारच होतो, पण डोळा चोळायला बंदी होती म्हणून राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी बघते तर डोळ्यावर पट्टी आणि अंगात कोट, असे दारात उभे. बाईमाणूस कड्यावर चढलं की मासळी माघारी फिरते असं सगळं गाव मानायचं, बाबासुद्धा. तरी म्हणाले, "हात धर आणि वर चल. पाण्याकडे तू बघ."

ते खडकाच्या आडोशाला वाऱ्याकडे पाठ करून बसले. मी बघत राहिले. दुपारी म्हटलं, "बाबा, लाल दिसतंय."

"लाल म्हणजे कसलं? लिपस्टिकसारखं? नीट सांग."

"कोंबडीच्या काळजासारखं."

"हलतंय?"

"कडेनं हलतंय. मधे नाही."

"सावली असती तर अख्खी सरकली असती." त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. "हलव. चुकलीस तर मी चुकलो म्हणेन."

चार हजार बोय लागली. खालून दिसला तो फक्त कोट, त्यामुळे वाहवा आदेलिनोची झाली. जूनमध्ये मी आणखी पाच वेळा खूण केली. रात्री बोयची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, तळताना मनात एकच असायचं, बाबांना त्यांची जागा परत मिळू दे.

जुलैअखेर डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला लावली. बाबांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. आनंदानं मी तिथेच रडले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत आले.

गावात लाउरोकाका आणि सगळे रापणकर वाट बघत होते. उतरताना बाबांनी माझं कोपर धरलं आणि पायरी चाचपडली.

"मांस गेलं, पण नजर काही आली नाही," ते म्हणाले. "कड्यावर मी आता कामाचा नाही. जूनची सगळी मासळी हिनं दाखवली. पटत नसेल तर दुसरा शोधा."

मी तोंड उघडलं तसं त्यांनी माझं कोपर दाबलं. लाउरोकाका डोकं खाजवत राहिले. एवढी मासळी दहा वर्षांत लागली नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढची बारा वर्षं, मरेपर्यंत, बाबा चारचौघांत भिंत धरून चालले. लोक त्या बिचाऱ्या डॉक्टरला नावं ठेवत, तेही बाबा ऐकून घेत. थंडीत सगळे रापणकर शेडमध्ये पत्ते खेळत बसायचे, बाबा बाहेर फळकुटावर. मला कड्यावरून सगळं दिसायचं. मी कोटाची बटणं सोडायला लागले, की अख्ख्या किनाऱ्यावर एकटे बाबा उठून उभे राहायचे.