चाक थांबलं तरी जळणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुना डायनॅमो आहे, आणि माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. सायकलच्या चाकाशेजारी छोट्या बाटलीसारखं जे लटकलेलं असतं, तो मी. माझं डोकं टायरला टेकवलं की ते चाकाबरोबर गरगर फिरतं, पोटात वीज तयार होते आणि पुढचा दिवा लागतो. चाक जेवढं फिरेल तेवढा उजेड. चाक थांबलं की उजेड बंद. इतका रोखठोक व्यवहार तुम्हाला माणसांत सापडायचा नाही.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथल्या तपासनीस बाई प्रत्येक डायनॅमो कानाशी धरून फिरवत. घरघर आवडली नाही, तर सरळ बाजूला फेकत. संशय घ्यायला मी बहुधा त्यांच्याकडूनच शिकलो.

पुढे मी एका सायकलवर आलो. मालकांनी माझी हौसेने देखभाल केली. रविवारी तेलाचा थेंब चुकला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "याला सेल नको, काही नको. नुसतं पायडल मारा." ते माझे वैभवाचे दिवस होते. मालकांना एकच खोड होती. घरात कुठलंही बटण चालू दिसलं की त्यांचा हात आपोआप वर जाई आणि टक्‌, बटण बंद. हळूहळू ही सवय साऱ्या घराला लागली.

मालकांचे गुडघे थकले आणि सायकल सुनेकडे गेली. त्यामुळे आता मीही त्यांना सासरेबुवाच म्हणतो. सून परिचारिका आहे. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुते, पट्ट्या बांधते. फेरी लांबची, म्हणून तिच्या धाकट्या दिराने सायकलला छोटं पेट्रोलचं इंजिन बसवलं. त्या इंजिनाचं आणि माझं कधी जमलं नाही. सपाट रस्त्यावर चाक इतकं सुसाट पळे की बल्ब उडायचा. खड्डे आले आणि तिने वेग कमी केला, की माझा उजेड मंदावायचा. म्हणजे खड्डा दिसायला हवा नेमका तेव्हाच तो दिसत नसे.

फेरीतलं शेवटचं घर कालव्यापलीकडच्या शिवणकामवाल्या बाईंचं. त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. रोज पट्टी बदलली नाही तर पाय वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिथून निघेपर्यंत अंधारून येई आणि परतीच्या वाटेवर ना दिवे, ना कठडा. एका संध्याकाळी सून सायकलसकट काठावरून घसरली. खरचटण्यावर भागलं.

नवरा म्हणाला, "ते पलीकडचं घर सोड."

"मी सोडलं तर बाईंचा पाय जाईल."

"आणि तू कालव्यात गेलीस तर?"

शेवटी ठरलं, की मोठा दिवा बसवायचा. पण तोही वाटेत विझला, तर पलीकडचं घर बंद.

"वहिनी, किरकोळ काम आहे," असं म्हणत दीर कामाला लागला. किरकोळ हा शब्द त्याने काढला की मी सावध होतो. त्याने इंजिनातून निघणारी एक वायर शोधली आणि नवा दिवा तिलाच जोडला. दिवा लावला की इंजिन खोकायचं आणि बंद पडायचं. ठिणगी पाडायला लागणारी वीज दिवाच पिऊन टाकत होता. दिराने बोट दाखवलं ते मात्र माझ्याकडे. "हा म्हातारा टायरला घासतोय ना, त्यानं इंजिन दमतंय." मला काढून बिनझाकणाच्या बिस्किटांच्या डब्यात टाकलं. इंजिन तरीही बंद पडतच राहिलं. माझी माफी कोणी मागितली नाही.

मग दिव्यासाठी वेगळी बॅटरी आली. रोज दुपारी ती दाराजवळच्या फळीवर, माझ्या डब्याशेजारी, चार्जिंगला लावायची असं ठरलं. पहिल्याच संध्याकाळी सायकल जागेवर उभी असताना दिवा लागला आणि अंगण पांढरंशुभ्र झालं.

"एवढ्या उजेडात हिला जायचंय तरी कुठे?" सासूबाई म्हणाल्या.

मला वेगळीच शंका आली. चाक हलत नाही आणि उजेड पडतोय, म्हणजे हा येतो कुठून? यात नक्की काहीतरी गोम असणार.

थोडे दिवस बरे गेले. मग दिवा पिवळा पडू लागला आणि एका संध्याकाळी कालव्याच्या काठावरच विझला. सून सायकल ढकलत घरी आली. दीर म्हणाला, दुकानदाराने जुनी बॅटरी नवी म्हणून गळ्यात मारली. सासूबाई म्हणाल्या, दिवाच अधाशी आहे. नवऱ्याने विचारलं, "तू वाटेत दिवा लावून कुठे थांबतेस का?" मी डब्यातून मनात म्हटलं, बॅटरीच लबाड. ज्याला त्याला दुसऱ्याचाच संशय.

"ठरल्याप्रमाणे आता ते घर बंद," नवरा म्हणाला.

"उद्या मी बाईंकडे सकाळीच जाऊन येते. बंद करायचं की नाही ते संध्याकाळी बोलू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बॅटरी लावली आणि पट्ट्या कापत तिथेच बसली. सासरेबुवा वामकुक्षीला निघाले. जाताजाता हात वर गेला. टक्‌. ती उठली, बटण लावलं, पुन्हा बसली. सासूबाई आल्या. टक्‌. "कोण चालू ठेवतं कुणास ठाऊक," असं पुटपुटत गेल्या. तिने पुन्हा लावलं. नवरा चहाला आला. टक्‌.

मित्रांनो, ही टक्‌टक्‌ मी रोज ऐकत होतो. पण मला जन्मात बटण लागलेलं नाही, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही.

सुनेने सगळ्यांना हाक मारली. "बॅटरीला जेवायला वाढायचं आणि येताजाता प्रत्येकानं तिच्यापुढचं ताट उचलायचं. मग ती उजेड कुठून देणार?"

"मी फक्त बटण बंद केलं," सासरेबुवा म्हणाले.

"मीसुद्धा तेवढंच केलं," सासूबाई म्हणाल्या.

नवरा पुढे झाला. छताकडे बघत त्याने बटण लावलं.

जखमेवर लावायची चिकटपट्टी सुनेने त्या बटणावर आडवी लावून टाकली. आता सासरेबुवा दुपारी तिथेच खुर्ची टाकून बसतात. बटणाजवळ कोणी फिरकलं की विचारतात, "काय काम आहे?" दिवा त्यानंतर वाटेत विझला नाही. बाईंची जखम भरत आली आहे. सायकलचा आवाज आला की भिंत धरत त्या स्वतः दारापर्यंत येतात.

मित्रांनो, एवढंच सांगतो. एखादी वस्तू बिघडली असं म्हणण्याआधी तिच्या पोटात काही पडलं का ते बघा, आणि आपला हात कुठे कुठे जातो तेही बघा. आणि जुन्याला डब्यात टाकताना घाई करू नका.

कारण एके दिवशी सुनेला मी दिसलो. "भाऊजी, याचं काय बिघडलं होतं?" दिराने मला बोटाने फिरवून पाहिलं, तर मी ठणठणीत. त्याने विजेला लगाम घालणारा एक लहान भाग आणला, म्हणजे बल्ब उडायचा नाही, आणि मला मागच्या लाल दिव्याला जोडलं.

आता नवा दिवा पुढचा रस्ता बघतो. मागून कोण येतंय, यावर मी लक्ष ठेवतो. संशयी जिवाला याहून चांगली नोकरी कुठे मिळणार?