तीन वाजायच्या आत

चष्म्याच्या डबीचं झाकण टक् करून मिटलं आणि घरातली शांतता मोडली.

लेकीला, ठकीला, थोपटता थोपटता स्वतःच पेंगुळलेली सून दचकून जागी झाली. अकरा दिवसांत पहिल्यांदाच घर दुपारचं रिकामं होतं. पत्रकं न्यायला कुणी आलं नव्हतं, "सिस्टर आहेत का?" म्हणत कुणी दार ठोठावलं नव्हतं. ठकी मात्र झोपलेली नव्हतीच. डोळे मिटून पडल्याचं नाटक तिला छान जमायचं.

बाहेर जेवणाच्या टेबलाशी सासूबाई बसल्या होत्या. सुजलेला गुडघा समोरच्या खुर्चीवर, पुढ्यात दोन कागद.

"सही केलीय," त्या म्हणाल्या. "हा माघारीचा अर्ज आणि हे तुझ्या नावाचं अधिकारपत्र. तीनच्या आत द्यायचा असतो."

"म्हणजे ठरलं तुमचं?"

"माझं काही ठरत नाहीये गं. तू जा तिथे. तुला वाटलं तर दे, नाही वाटलं तर परत घेऊन ये."

"अहो आई, उमेदवार तुम्ही आहात!"

"आणि पहिली सूचक तू. अकरा दिवस माझ्यामागे पिशवी घेऊन कोण फिरलं? तुला जेवढं दिसलंय तेवढं मला कुठलं दिसायला!"

दिसलं होतं खरं. सासूबाईंनी एकतीस वर्षं भागातल्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून काढली. अर्धी वस्ती त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. गेल्या वर्षी आमदारांनी प्रसूतिगृह बंद करून तिथे वाहनतळ करायचं ठरवलं. सिस्टर निवेदनं देऊन देऊन थकल्या आणि एका सकाळी पोळीचा घास तसाच हातात धरून म्हणाल्या, "मी उभी राहते." घरातल्या कुणाला हसावं की रडावं कळेना. अर्ज मात्र भरला गेला.

प्रचार असा चालायचा. सिस्टर दार वाजवायच्या, आतली बाई "अगंबाई, सिस्टर!" म्हणून आत ओढायची. मग कुणी जीभ दाखवायचं, कुणी पाय. सिस्टर पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढायच्या, पट्टा आवळायच्या, मीठ कमी करा म्हणून दम भरायच्या आणि उठायच्या. जिना उतरल्यावर सून हळूच म्हणायची, "आई, मत मागायचं राहिलं."

"अगो हो! पण तिचा वरचा एकशे सत्तर होता. त्यात कुठे मत मागू?"

अकरा दिवसांत दोनेकशे माणसांचा रक्तदाब मोजून झाला असेल. मत मागितलं ते जेमतेम सहाजणांना. तेही सुनेने कोपराने ढोसल्यावर. पत्रकांचे गठ्ठे जसेच्या तसे घरी परत यायचे आणि ठकी त्यांच्या होड्या करायची.

गंमत अशी, की तरीही वर्तमानपत्राने ही जागा 'लक्षवेधी लढती'मध्ये टाकली होती. मागच्या खेपेला आमदारांनी विरोधी पक्षाच्या वकिलांना चारशे बारा मतांनी पाडलं होतं. यंदाही काट्याची लढत, आणि खाली एक ओळ: अपक्ष परिचारिका कुणाचं गणित बिघडवणार? कुणाचं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सिस्टर हजार-दीड हजार मतं घेणार, ती सगळी वकिलांची, म्हणजे आमदार आरामात परत निवडून येणार. ज्यांच्याविरुद्ध उभं राहायचं त्यांनाच हात देऊन बसायचं. वकील स्वतः घरी येऊन गेले होते. "माघार घ्या. मी निवडून आलो की प्रसूतिगृह पहिल्या महिन्यात उघडतो," म्हणाले होते. चहा अर्धा ठेवून गेले.

सुनेने कागद पिशवीत घातले. ठकीने लगेच डोळे उघडले. "मी पण."

निवडणूक कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्टला कुलूप. ठकी पहिला मजला चालली, मग हात वर करून उभी राहिली. तिला उचलून वर पोहोचेपर्यंत सुनेचा श्वास छातीत मावेना. घड्याळात दोन पंचवीस. बाकावर वकिलांचे मेहुणे बसलेलेच होते.

"या, या वहिनी! पाणी घ्या. बाळ, बिस्किट खाणार?"

"ती बाळ नाहीये, चार वर्षांची आहे," ठकीनेच सांगितलं आणि बिस्किट घेतलं.

सून बाकाच्या टोकाला टेकली. "भाऊ, प्रसूतिगृहाचं तेवढं लिहून द्या. दोन ओळी. म्हणजे मी हा कागद देते."

"अहो, शब्द दिलाय ना साहेबांनी!"

"शब्द आमदारांनीही दिला होता. वाहनतळाआधी."

मेहुण्यांनी कसनुसं हसून फोन लावला, दोन वाक्यं बोलले आणि फोन तिच्या हाती दिला. पलीकडून वकील अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, माघारीच्या बदल्यात काही लिहून देणं कायद्यात बसत नाही. मी वकील आहे, मला असं करून कसं चालेल? तुम्ही विश्वास ठेवा."

फोन परत करून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. दोन छत्तीस. अर्ज न देता घरी जावं तर अजून पंधरा दिवस तेच. दार, जिना, पट्टा, जिना. काल चौथ्या मजल्यावरच्या आजोबांकडे जाताना सिस्टर मधल्याच पायरीवर बसल्या होत्या. "मला वर नको गं नेऊस," म्हणाल्या होत्या, तेही दुसरीकडे बघत. अशा त्या कधी बसल्या नव्हत्या. सुनेच्या बाळंतपणात अठरा तास उभ्या होत्या. त्यांच्यासाठीच करतोय आपण हे, तिने मनाशी म्हटलं. मग स्वतःशीच खोटं बोलवेना. गुडघा त्यांचा होता, पण झोप तिची होती. अकरा दिवसांत ठकीला आंघोळीखेरीज तिने धड हात लावला नव्हता, आणि पलंगावरच्या कपड्यांच्या ढिगातून नवरा सकाळी मोजा शोधून निघून जायचा. तिला फक्त हे संपायला हवं होतं. कुणीही निवडून आलं तरी चाललं असतं, असं क्षणभर वाटून गेलं, आणि त्या वाटण्याची तिला लाज वाटली.

हातपाय गाळून बसावं तशी ती बसून राहिली. मग उठली.

खिडकीतल्या कारकुनाने मान वर केली नाही. "उमेदवार कुठेत?"

"गुडघ्याला सूज आहे. मी सूचक. हे अधिकारपत्र."

"ओळखपत्र. इथे सही. इथे पण." त्याने दोन्ही कागद उलटसुलट केले, शिक्का मारला, वर वेळ घातली. दोन बावन्न. मग नोंदवही ओढून नाव लिहायला लागला आणि पेन मधेच थांबलं.

"या... प्रसूतिगृहातल्या सिस्टर का?"

"हो."

"माझ्या दोन्ही मुली त्यांच्याच हातच्या. धाकटी तर उलटी होती, सगळ्यांनी आशा सोडलेली." त्याने शिक्क्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणी मारला होता. "मी यांनाच मत देणार होतो. आमच्या घरची पाचही मतं. आम्ही वाट बघत होतो, त्या कधी येतील मागायला."

"मागे नाही का घेता येणार हा?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"नाही हो. एकदा दिला की दिला."

मेहुणे हसत जिन्याकडे निघून गेले होते, फोनवर मोठमोठ्याने बोलत. ती पोचपावती घडी करत खाली उतरली. दुसऱ्या मजल्यावर फोन वाजला.

"दिलास?" सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता.

"दिला, आई."

"किती वाजता?"

"दोन बावन्न."

"बरं." पलीकडे कागदाची सळसळ झाली. एकतीस वर्षांत प्रत्येक जन्माची वेळ त्यांनी अशीच लिहून ठेवली होती. "कारकून काय म्हणाला? त्रास नाही ना दिला?"

तिने भिंतीला हात टेकला. पाच मतं जिभेवर आली होती. "काही नाही म्हणाला. शिक्का मारला फक्त."

"ठकीला उन्हातून चालवू नकोस," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या कधी आधी फोन ठेवत नसत.

ठकी दोन पायऱ्या खाली उतरून थांबली होती. तोंडाला बिस्किटाचा चुरा. शिक्का, मेहुण्यांचं हसणं, आईचा भिंतीवरचा हात, तिने सगळं नीट बघून घेतलं होतं.

"आई," तिने मान वर करून विचारलं, "मग आपली आजी जिंकली की हरली?"