पैलवानाचे हातमोजे

पिंपळीचे महिपती पैलवान साठीला टेकले, तरी पंजा अजून फावड्याएवढा. रोज सकाळी दुधाच्या किटल्या मोटारसायकलला अडकवून ते बारामतीला जायचे. थंडीत बोटं अशी आखडायची, की डेअरीत किटलीचं झाकण दुसऱ्याला उघडावं लागे. बाजारातला एकही हातमोजा त्यांच्या पंजाला होईना.

शेवटी कुणीतरी सुरैय्याचाचींचं नाव सांगितलं. बारामतीतल्या या म्हातारीला तिच्या सासूनं चार सुयांवर गोल, बिनशिवणीचे हातमोजे विणायला शिकवलं होतं. अंगठा वेगळा, बाकीची बोटं एकाच घरात.

चाचींनी पंजा उलटासुलटा करून पाहिला. "एवढं विणायला माझी नजर न्हाय राहिली. शिकवते. तुमीच विणा."

"मी? अवो चाची, मी फडात कुस्त्या मारल्यात!"

"मग ह्या तर नुसत्या चार सुया हायत."

पहिल्याच दिवशी एक सुई वाकली. पैलवानांची लोकर आवळायची सवय जाईना.

"टाका हाय तो, मानगूट न्हाय!" चाची ओरडायच्या.

आठवड्यानं जो मोजा उतरला, तो चाचींच्या नातीच्या, छकुलीच्या हातातही जाईना. चाचींनी तो उसवला. हरलेल्या कुस्तीचंही पैलवानांना एवढं वाईट वाटलं नव्हतं.

घरी मात्र 'म्हैस बघायला जातो' एवढंच सांगितलेलं. पंधरा दिवस म्हैस पसंत पडेना, तेव्हा त्यांची बायको दगडाबाई एसटीनं मागोमाग बारामतीला आली आणि त्यांची मोटारसायकल दिसली त्या दारात थांबली. बघते तर नवरा चाचींच्या ओट्यावर मांडी घालून बसलाय, जीभ दातात धरलेली, मांडीवर लोकर.

"ही व्हय तुमची म्हैस?"

"बोलू नगंस! सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस..."

दगडाबाईला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून ती शेजारी टेकली आणि घरंगळणारा लोकरीचा गुंडा धरून बसली.

अखेर जोड पुरा झाला. पण दोन्ही मोजे डाव्या हाताचे! चाची काही बोलायच्या आत पैलवानांनीच एक अंगठा उसवायला घेतला.

दोन दिवसांनी ते मोजे घालून डेअरीच्या रांगेत उभे राहिले, तर हशा पिकला.

"बायकांचं काम कवापासनं धरलं, पैलवान?" अफजल दूधवाल्यानं विचारलं.

पैलवानांनी एक मोजा काढून त्याच्या हातात चढवला. दूध मोजून झालं, किटल्या रिकाम्या झाल्या, तरी अफजल तो काढायचं नाव घेईना.

शुक्रवारी चाचींच्या दारात दुधाच्या चार मोटारसायकली लागल्या. चाचींनी सुयांचा जुडगा पैलवानांपुढं सरकवला.

"तुमीच शिकवा आता," त्या म्हणाल्या आणि निवांत चहा प्यायला आत गेल्या.