फटीखालची कडी

"पूल लांब होता हो, वहिनी. सकाळीच दादा त्यावर पडलेला दिसला, तेवढंच. जागच्या जागी गेला."

लढाई संपल्यापासून दीर हेच सांगत आला होता, आणि ती त्यावरच विसंबून जगत आली होती. नवऱ्याला यातना झाल्या नाहीत, एवढा तरी आधार.

लढाईत दीर ज्या बंकरमध्ये होता, तो आता लोकांना बघायला खुला झाला, तेव्हा तिनेच हट्टाने दिराला आणलं. पण दारापाशी येताच तो बाकावर बसला.

"तुम्ही या बघून. माझे गुडघे आता संग्रहालयात ठेवायच्या लायकीचे झालेत."

"तिकीट दोघांचं काढलंय."

"गुडघ्यांना सवलत आहे का, विचारायचं होतं."

विनोद करताना तो तिच्याकडे बघत नव्हता. मघाशी रणगाडे दाखवताना त्याच्या तोंडाला खळ नव्हती. तिच्या मनात पाल चुकचुकली.

आत ओल्या सिमेंटचा वास होता. भिंतीतल्या आडव्या फटीतून बघायला ती वाकली. तोल सावरायला टेकलेला डावा हात एका लोखंडी कडीवर पडला. समोर पूल. लांब कुठला? पुलावर एक बाई मुलीच्या चपलेतला खडा काढत होती. "हलू नकोस गं," ती हळूच म्हणाली, तेही इथे स्वच्छ ऐकू आलं.

म्हणजे दीर इथे नव्हताच. कुठेतरी मागे दडून बसला असेल, आणि नंतर गोष्ट रचून आपल्या पदरात टाकली असेल.

ती तडक बाहेर आली.

"भावजी, खरंच आत होतात तुम्ही? त्या फटीखाली काय आहे, सांगा बरं."

"परीक्षा घेताय?"

"हो."

तो आपल्या तळहाताकडे बघत राहिला. "कडी आहे. डाव्या हाताला. बाहेर पाऊल टाकणारा प्रत्येक जण पडत होता. कडी सोडली असती तर मीही दादाकडे धावलो असतो. अंधार पडेपर्यंत धरून बसलो होतो."

"पण ते तर सकाळीच, जागच्या जागी..."

पुलावरची मुलगी हसली. दोघांनाही ऐकू आलं.

ती बाकावर त्याच्याशेजारी बसली.

"ते काय म्हणत होते?" तिने विचारलं.

"पूल लांब होता, वहिनी."

"हो," ती म्हणाली.